बेटांच्या आडोशाला नांगर: स्वतःच्या बोटीने फिरणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नकाशावर निळ्या पाण्यात सांडलेली बेटं बघितली की बोट काढून निघावंसं वाटतं. मग पहिल्याच रात्री वारा चढतो, साखळी खडकावर घासल्याची खरखर तळातून ऐकू येते आणि प्रश्न पडायला लागतात. खालची उत्तरं दहा ते पंधरा मीटर लांबीच्या, शीड आणि इंजिन दोन्ही असलेल्या बोटीला धरून दिली आहेत. बोट दोन सांगाड्यांची, म्हणजे कॅटामरान असली तरी बहुतेक गोष्टी त्याच.

कुठल्या महिन्यात निघावं?

आधी वादळांचा हिशोब, मग बाकी सगळं. उत्तर अटलांटिक आणि कॅरिबियनमध्ये चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात. दक्षिण पॅसिफिक आणि दक्षिण हिंदी महासागरात तो साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. वायव्य पॅसिफिकमध्ये टायफून वर्षभरात कधीही येऊ शकतात, फक्त काही महिन्यांत कमी.

उरलेल्या काळात व्यापारी वारे सोबतीला असतात: उत्तर गोलार्धात ईशान्येकडून, दक्षिण गोलार्धात आग्नेयेकडून, बहुधा १५ ते २५ नॉट (ताशी सागरी मैल). म्हणूनच बेटाबेटांतून जाणारे जुने मार्ग पूर्वेकडून पश्चिमेकडे जातात. उलट दिशेने जाता येत नाही असं नाही, पण त्यात बोटीचे आणि माणसांचे हाल होतात.

वादळपट्ट्याच्या कडेला बोट ठेवली तर पूर्ण मोसम तिथेच काढता येईल का?

विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण ५ अंशांच्या आत चक्रीवादळं सहसा तयार होत नाहीत, कारण वाऱ्याला गरगर फिरवणारा पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम तिथे फारच क्षीण असतो. त्या पट्ट्यापासून जितकं लांब, तितका ‘सुरक्षित’ हा शब्द जपून वापरावा. कॅरिबियनच्या दक्षिण टोकाजवळचं ग्रेनाडा कित्येक वर्षं वादळांच्या वाटेबाहेरचं मानलं जायचं आणि मोसमात तिथे बोटींची गर्दी व्हायची. सप्टेंबर २००४ मध्ये ‘आयव्हन’ आलं. १ जुलै २०२४ रोजी ‘बेरिल’ने त्याच देशातल्या कॅरियाकू बेटाला गाठलं, तेही मोसम सुरू होऊन जेमतेम महिना झाला असताना. खारफुटीत दोर बांधून लपवलेल्या बोटीही त्यात मोडल्या. विमा कंपन्या पॉलिसीत अक्षांश आणि तारखा लिहितात त्या उगाच नाही. त्या ओळी प्रवास आखण्याआधी वाचाव्यात.

उंच बेट आणि कंकणद्वीप यांत नांगराच्या दृष्टीने काय फरक?

खूप. डार्विनने १८४२ मध्ये मांडलेली कल्पना इथे प्रत्यक्ष उपयोगी पडते. ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचत जातं आणि त्याच्या कडेचं प्रवाळ वर वाढत राहतं. आधी किनाऱ्याला चिकटलेली प्रवाळभिंत, मग मध्ये पाणी असलेली दूरची भिंत, आणि शेवटी डोंगर बुडून उरलेलं नुसतं कडं, म्हणजे कंकणद्वीप.

दक्षिण पॅसिफिकमधल्या फ्रेंच पॉलिनेशियात तिन्ही प्रकार भेटतात. तिथल्या मार्केसाससारख्या उंच, कमी प्रवाळाच्या बेटांवर लांबून दिसणारे डोंगर असतात. उपसागर खोल आणि बऱ्याचदा चांगल्या तळाचे, पण समोरून येणारी समुद्राची हेल, म्हणजे लांबून येणाऱ्या संथ, फुगीर लाटा, अडवायला काही नसतं. सोसायटी बेटांमध्ये डोंगरही असतो आणि भोवती भिंतही, त्यामुळे आतलं पाणी तळ्यासारखं. तुआमोटूत डोंगर नाहीच. नारळाची झाडं हीच सर्वांत उंच गोष्ट, ती आठ-दहा सागरी मैलांच्या आत आल्याशिवाय दिसत नाहीत. फ्रेंच दर्यावर्दी बूगनव्हिलने १७६८ मध्ये या द्वीपसमूहाला ‘धोकादायक’ असं नाव दिलं होतं, आणि जीपीएस येईपर्यंत बरेच जण वळसा घालूनच जात.

कंकणद्वीपाची आणखी एक खोड म्हणजे आतल्या पाण्याचा विस्तार. तुआमोटूतल्या रांगिरोआचं सरोवर सुमारे ८० किलोमीटर लांब आहे. संध्याकाळी झाडांच्या आडोशाला शांत झोपलेली बोट, रात्री वारा फिरला की त्या सगळ्या अंतरावरून उठलेल्या लाटांना तोंड देत प्रवाळाकडे पाठ करून उभी असते.

पाण्याच्या रंगावरून खोली कशी ओळखायची?

गडद निळं म्हणजे खोल. फिरोजी म्हणजे वाळूवरचं उथळ पाणी. पिवळसर किंवा तपकिरी म्हणजे प्रवाळ, अगदी पृष्ठभागाजवळ. पांढुरकं हिरवं म्हणजे इतकं उथळ की तिथून मागे फिरावं. काळपट डाग प्रवाळाचा, समुद्री गवताचा किंवा नुसती ढगाची सावलीही असू शकतो. ढगाचा डाग सरकतो, तेवढी एकच खूण.

हे सगळं सूर्य वर आणि पाठीमागे असेल तरच दिसतं, म्हणजे सकाळी दहा ते दुपारी दोन-तीन. दुपारी चारला पश्चिमेकडे तोंड करून आत शिरलात तर पाण्याच्या जागी नुसता आरसा दिसतो. पोलराइज्ड चष्मा घालून एक माणूस नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभा करावा, जमलं तर डोलकाठीवर चढवावा. आणि हाताच्या खुणा आधी ठरवून घ्याव्यात. वाऱ्यात ओरडलेलं ‘डावीकडे’ सुकाण्यापर्यंत पोचेस्तोवर ‘अरे डावीकडे!’ झालेलं असतं.

चार्टप्लॉटर (नकाशावर बोटीची जागा दाखवणारा पडदा) असताना एवढं बघत बसायची काय गरज?

जीपीएस तुमची जागा काही मीटरपर्यंत अचूक सांगतं. बेटाची जागा तितकी अचूक आहे याची हमी मात्र कोणी देत नाही. दुर्गम बेटांची काही सर्वेक्षणं एकोणिसाव्या शतकातली आहेत, शिसाचं वजन दोराला बांधून खोली मोजलेली. असा नकाशा आजच्या जीपीएसवर ठेवला की बेट शेकडो मीटर बाजूला सरकलेलं निघू शकतं. उपग्रहाची छायाचित्रं घरून निघतानाच उतरवून घेऊन नकाशावर ठेवून बघावीत. प्रवाळाचे गड्डे त्यांत नकाशापेक्षा कितीतरी स्पष्ट दिसतात.

दुसरा सापळा झूमचा. इलेक्ट्रॉनिक नकाशा लांबून बघितला तर लहान बेटं आणि उथळ जागा गाळल्या जातात. नोव्हेंबर २०१४ मध्ये जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतली एक बोट, व्यावसायिक खलाशी आणि उत्तम साधनं घेऊन, हिंदी महासागरातल्या कार्गादोस काराहोस प्रवाळांवर रात्री पूर्ण वेगात चढली. जखमी कोणी झालं नाही, हे नशीब. म्हणून मार्ग आखून झाला की तो पूर्ण झूम करून इंच-इंच तपासायचा. कंटाळवाणं आहे, पण संध्याकाळच्या चहाबरोबर होतं.

प्रवाळभिंतीतल्या खिंडीतून आत कधी शिरावं?

पाणी स्थिर असताना. ती वेळ शोधणं हीच मेख आहे. वाऱ्याकडच्या बाजूने लाटा भिंतीवरून आत कोसळत राहतात आणि आत आलेल्या पाण्याला बाहेर पडायला एक-दोन खिंडीच असतात. बरेच दिवस जोराचा वारा किंवा मोठी हेल असली तर भरतीच्या वेळीही प्रवाह बाहेरच वाहत राहतो. कोष्टकातली भरतीची वेळ आणि खिंडीतलं स्थिर पाणी यांत मग दोन-दोन तासांची फारकत पडते. अरुंद खिंडीत प्रवाह सहा नॉटच्या वर जातो. तुमची बोट इंजिनावर तेवढीच धावत असेल तर तुम्ही जागच्या जागी उभे.

बाहेर पडणारा प्रवाह आणि त्यावर समोरून येणारा वारा एकत्र आले की खिंडीच्या तोंडाशी उभ्या, फुटणाऱ्या लाटा तयार होतात. त्या दिसल्या तर बाहेरच थांबायचं. प्रवाह थोडासा समोरून असेल तर सुकाणू नीट ऐकतं. पाठीमागून ढकलणाऱ्या प्रवाहात वेग कमी करायची सोयच राहत नाही.

जाता जाता एक गंमत. ताहितीत चंद्राच्या भरतीचा जोर इतका कमी आहे की भरती सूर्याच्या तालाने रोज मध्यान्ह आणि मध्यरात्रीच्या आसपासच येते, आणि पाणी जेमतेम फूटभर चढतं. उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीची लहान भरती) यांवर वाढलेल्या माणसाला हे पचायला दोन दिवस लागतात.

खुणेच्या बोयांचे रंग सगळीकडे सारखेच ना?

नाहीत. अमेरिका खंडांत आणि कॅरिबियनमध्ये बंदरात शिरताना लाल बोया उजवीकडे ठेवतात, जगात बहुतेक ठिकाणी डावीकडे. पनामातून निघून पॅसिफिक ओलांडणाऱ्याला वाटेत डोक्यातली बाजू बदलावी लागते. फ्रेंच पॉलिनेशियात भिंतीच्या आत फिरताना लाल खूण जमिनीच्या बाजूला आणि हिरवी भिंतीच्या बाजूला असते.

पोचेपर्यंत अंधार पडला तर?

बाहेर थांबा. शीड आणि सुकाणू एकमेकांविरुद्ध लावून बोट थबकवून ठेवा किंवा किनाऱ्यापासून दूर हळूहळू येरझाऱ्या घाला. बेट सकाळीही तिथेच असतं.

साखळी किती सोडायची?

खोलीच्या पाचपट, असं सगळेच सांगतात आणि खोली मोजताना बहुतेक जण चुकतात. खोली समुद्राच्या पृष्ठभागापासून नाही, साखळी ज्यावरून सरकते त्या नाळेवरच्या रोलरपासून धरायची आणि त्यात येणारी भरती मिळवायची. समजा पाणी ६ मीटर, रोलर पाण्यापासून दीड मीटर वर, भरती अजून १ मीटर चढणार. झाले साडेआठ. पाचपट म्हणजे ४३ मीटर साखळी. वारा वाढणार असेल तर सातपट, म्हणजे ६० मीटर. साखळीऐवजी मुख्यतः दोर असेल तर सातपटीपासूनच सुरुवात करा, आणि प्रवाळाजवळ नुसता दोर नकोच, तो चाकूवर धरल्यासारखा कापला जातो.

साखळीच्या वजनाने ती तळावर पडून राहते आणि नांगराला आडवा ओढा मिळतो, हे खरं. पण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १५ नॉटचे ३० झाले की ओढ चौपट. त्या वेळी साखळी जवळजवळ ताठ होते आणि तिची लवचीकता संपते. म्हणून नायलॉनचा आठ-दहा मीटरचा जाड दोर साखळीला आकड्याने अडकवून बोटीच्या खुंट्याला बांधतात. धक्का तो दोर ताणून घेतो आणि विंडलासवर भार येत नाही. विंडलास साखळी उचलायला असतो, रात्रभर बोट धरून ठेवायला नाही.

कुठला नांगर चांगला?

बंदरातली निम्मी भांडणं याच विषयावर होतात. नांगरटीच्या फाळासारखा सीक्यूआर १९३३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी काढला आणि पन्नासेक वर्षं तोच प्रमाण होता. पसरट पात्यांचा डॅनफोर्थ वाळूत आणि चिखलात जबरदस्त धरतो, पण वारा उलटा फिरला की निसटून परत रुतायला कुरकुर करतो. १९९० नंतर आलेले खोलगट पात्याचे, टोकाला जड असे नांगर लवकर रुततात आणि बोट फिरली तरी स्वतःच वळून घेतात. माझं मत विचाराल तर नवीन पद्धतीचाच घ्या, आणि कंपनीच्या तक्त्यात तुमच्या बोटीला जो आकार लिहिलाय त्याच्या वरचा. दुसरा, वेगळ्या प्रकारचा नांगर तळाशी जोडणीसकट तयार असू द्या. उलगडायला अर्धा तास लागणारा राखीव नांगर म्हणजे नुसतं ओझं.

नांगर टाकण्याची नेमकी पद्धत काय?

आधी एक फेरी. जिथे बोट झुलणार आहे त्या सगळ्या वर्तुळात खोली बघून घ्या. ४३ मीटर साखळी आणि १२ मीटर बोट म्हणजे वर्तुळाचा व्यास शंभर मीटरच्या वर, आणि त्यात कुठेही प्रवाळाचा गड्डा नको. मग वाऱ्याकडे तोंड करून वाळूच्या डागावर थांबा. बोट मागे सरकायला लागली की नांगर तळाला टेकेपर्यंत सोडा आणि मागे जाल तशी साखळी पसरवत न्या. सगळी एकदम ओतली तर नांगरावरच ढीग बसतो, आणि तो ढीग नांगराला अडकवून उपटतो.

ठरवलेली लांबी सोडून झाली की इंजिन उलटं टाका, आधी हळू, मग जोर वाढवत. किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी एका रांगेत धरा, झाड आणि त्यामागचा सुळका, काहीही. पूर्ण जोरात अर्धा मिनिट ती रांग हलली नाही तर नांगर बसला. साखळीवर पाय ठेवून बघा. थरथर जाणवली तर नांगर खडकांवरून उड्या मारतोय, ताण सारखा असेल तर रुतलाय. तिसऱ्यांदाही बसला नाही तर दुसरी जागा शोधा. प्रेक्षक बघतायत म्हणून ‘बसला असेल’ म्हणू नका. सगळ्यांनी कधी ना कधी तेच केलंय.

आणि मग पोहायचा चष्मा लावून पाण्यात उतरा. कोमट, नितळ पाण्यात नांगर डोळ्यांनी बघता येतो, ही चैन थंड समुद्रात नाही. पात्याचं टोक दिसत नसेल, नुसता दांडा आणि वाळूतली चरी दिसत असेल, तर जेवण आनंदाने करा.

प्रवाळ तुटू नये म्हणून काय करता येईल?

घट्ट गोळ्यांसारखी प्रवाळं वर्षाला एखादा सेंटिमीटर वाढतात. ज्या गड्ड्याला तुमची साखळी एका दुपारी खरवडते तो एक मीटरचा व्हायला शतक लागलेलं असू शकतं. नांगर फक्त वाळूत, हा पहिला नियम. वाळूचा डाग लहान आणि भोवती गड्डे असतील तर साखळीला ठरावीक अंतरावर तरंगे बांधा: नांगराजवळची साखळी तळावर राहू द्या, पुढची वर उचलली जाते आणि गड्ड्यांवरून अलगद फिरते. तुआमोटूत मोत्यांच्या शेतीतून सुटून किनाऱ्याला लागलेले तरंगे यासाठी गोळा करतात. यात तुमचाही स्वार्थ आहे. तीन गड्ड्यांना वेढे घातलेली साखळी म्हणजे प्रत्यक्षात दहा मीटरची आखूड साखळी, आणि वादळी झोतात ती झटके देऊन तुटते.

तयार मुरिंग बोया (तळाला कायमचा बांधलेला तरंगा) असेल तर तो घेणं जास्त सुरक्षित नाही का?

पाण्याखाली जाऊन बघितल्यावर सांगता येईल. खाली काय आहे, शॅकल (जोडणीची कडी) किती झिजलाय, दोर कुठे काचलाय हे वरून कळत नाही. प्रवाळ राखीव क्षेत्रात बऱ्याच ठिकाणी नांगराला बंदी असते आणि बोया घेणं सक्तीचं असतं, तिथेही बघूनच.

रात्री नांगर घसरतोय हे कसं कळणार?

नांगराचा अलार्म लावा, पण बोट आता जिथे आहे तिथून नाही, नांगर टाकला त्या बिंदूपासून. झोपण्याआधी किनाऱ्यावरच्या दोन दिव्यांची किंवा कड्यांची दिशा कंपासने लिहून ठेवा. घसरणारी बोट वाऱ्याला आडवी पडते, मग अचानक सरळ होते, परत आडवी. ही चाल झोपेतही जाणवायला लागते.

घसरतोय म्हटल्यावर पहिलं काम इंजिन. मग मागे जागा असेल तर आणखी साखळी. नसेल तर नांगर उचलून निघायचं. झोताचा पाऊस अर्ध्या तासात ओसरतो, पण त्या अर्ध्या तासात वारा ३५-४० नॉटपर्यंत जाऊ शकतो आणि दिशा पूर्ण उलटू शकते.

म्हणूनच मी जागा निवडताना एकच प्रश्न आधी विचारतो: रात्री तीन वाजता, पावसात, काहीही दिसत नसताना इथून बाहेर पडता येईल का? आत येताना चार्टप्लॉटरवर उमटलेली तुमच्या मार्गाची रेघ जपून ठेवा, परतीची तीच वाट आहे. जिथे ती रेघ गड्ड्यांमधून नागमोडी गेली असेल तिथे दुपारी पोहा, जेवा, आणि अंधार पडायच्या आत मोकळ्या जागेवर जा. वाळू कमी पांढरी असेल, पण चालेल.

शेजारी नंतर आलेली बोट फार जवळ आहे. काय बोलावं?

आधी आलेल्याचा हक्क मोठा, हा सर्वत्र मानलेला शिरस्ता आहे. तुम्ही किती साखळी सोडलीय ते हसत सांगा आणि त्यांची विचारा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. समोरचा हटला नाही तर स्वतः हला. बरोबर असण्यापेक्षा झोप लागणं महत्त्वाचं.

वारा नाही, तरी बोट रात्रभर डोलते. उपाय?

हेल बेटाला वळसा घालून आडोशालाही येते, आणि वारा पडला की बोट तिला आडवी होते. मागून दुसरा नांगर टाकून नाळ हेलीकडे वळवा. शेजारच्या बोटी एकाच नांगरावर झुलत असतील तर मात्र हे करू नका, वारा फिरला की त्या तुमच्यावर येतील.

नांगरावर असताना दिवा लावणं सक्तीचं आहे का?

हो. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांनुसार रात्री चहूकडून दिसणारा पांढरा दिवा, दिवसा नाळेकडे काळा गोळा. डोलकाठीच्या टोकावरचा दिवा डिंगीतून (किनाऱ्यावर ये-जा करायच्या लहान होडीतून) परतणाऱ्याला ताऱ्यांत हरवतो, म्हणून डेकजवळ आणखी एक मंद दिवा ठेवलेला बरा.

नव्या देशात शिरताना काय करायचं?

प्रवेशाची तपासणी मागणारा पिवळा क्यू झेंडा चढवायचा आणि ठरवलेल्या प्रवेश-बंदरातच जायचं. वाटेत सुंदर बेट दिसलं म्हणून आधी तिथे उतरणं हा बहुतेक ठिकाणी गुन्हा आहे. बोटीची नोंदणी, सर्वांचे पासपोर्ट, माणसांची यादी आणि मागच्या देशातून निघाल्याचा दाखला लागतो. तो दाखला विसरलात तर पुढच्या बंदरात वेळ जातो. काम झालं की क्यू उतरवून उजव्या बाजूला त्या देशाचा झेंडा. गालापागोसला बोटीचा तळही तपासतात, परकी जीवसृष्टी चिकटून येऊ नये म्हणून. पालाऊत २०२० पासून आणि हवाईत २०२१ पासून प्रवाळाला घातक रसायनांच्या सनस्क्रीनवर निर्बंध आहेत.

वस्तीसमोर नांगर टाकलात तर ते पाणी त्या वस्तीचं अंगण समजा. आधी किनाऱ्यावर जाऊन विचारायचं, मग पोहायचं आणि मासे मारायचे.

पकडलेला मासा खाता येईल?

खोल समुद्रातला ट्यूना बिनधास्त. प्रवाळाजवळचे मोठे शिकारी मासे, बॅराकुडा, मोठा ग्रूपर, मोरे ईल, जपून. प्रवाळावर वाढणाऱ्या सूक्ष्म शैवालाचं विष लहान माशांतून मोठ्यांत साठत जातं आणि सिग्वाटेरा होतो. शिजवून, गोठवून, वाळवून ते जात नाही. चवीला, वासाला कळत नाही. उलट्या, जुलाब, हातापायांना मुंग्या आणि थंड वस्तू भाजल्यासारखी वाटणं ही लक्षणं. एका भिंतीवरचा मासा चालतो आणि शेजारच्या भिंतीवरचा तोच मासा चालत नाही, त्यामुळे तिथल्या मच्छीमाराला विचारणं हाच खरा उपाय.

डिंगी रात्री पाण्यात राहू द्यावी का?

नको. उचलून टांगा. चोरीपेक्षाही सुटलेल्या गाठीने जास्त डिंग्या गेल्या असतील.

त्सुनामीचा इशारा आला तर?

वेळ असेल तर नांगर उचलून, शंभर मीटरपेक्षा खोल पाण्यात जा. तिथे लाट जाणवतही नाही. वेळ नसेल, किंवा जमीनच हलल्याचं जाणवलं असेल, तर बोट सोडून उंचावर चढा.

निघायचंय आणि नांगर वर येत नाही. आता?

विंडलासने ओढत बसू नका, तो जळेल. साखळी उभी करून खुंट्याला बांधा आणि हेलीला बोट वर उचलू द्या, कित्येकदा तेवढ्याने सुटतो. नाही सुटला तर चष्मा लावून खाली बघा, साखळी गड्ड्याला कुठल्या बाजूने गेलीय ते पाहा आणि त्याच वाटेने उलट फिरत इंजिनाने बोट हळू न्या. नाळेवरच्या माणसाने फक्त हाताने दिशा दाखवायची. वर येताना साखळी धुऊन घ्या, वाळू आणि गाळ आत गेला की तळात वास धरतो. आणि नांगर रोलरवर बसून खिळी लागेपर्यंत गिअर पुढे टाकू नका.